न धुतलेलं पांघरूण

फेरेट दिवसाचा बहुतेक वेळ झोपून काढतो. त्यामुळे त्याला खायला काय घालायचं यापेक्षा झोपवायचं कशावर, हा प्रश्न मोठा असतो. मी काम करत होते त्या प्राणिगृहात सहा फेरेट होते आणि त्यांच्या अंथरुणाचं काम माझ्याकडे होतं.

पुण्यातल्या नातेवाइकांना फेरेट म्हणजे काय हे सांगताना मी मुंगसाचं उदाहरण देते. लांबट अंग, आखूड पाय, डोळ्यांवर काळा पट्टा, अंगाला उग्र आणि किंचित गोडसर वास. इतर देशांत लोक तो मांजरासारखा घरात पाळतात. न्यूझीलंडमध्येही पाळायचे. पण रानात पसरलेल्या फेरेटांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या इथल्या पक्ष्यांचा फडशा पाडला आणि वीसेक वर्षांपूर्वी कायदा झाला. फेरेट विकायचा नाही, त्याची पैदास करायची नाही, कुणाला द्यायचा नाही. ज्यांच्या घरी होते त्यांनी ते मरेपर्यंत ठेवावेत, एवढी सवलत होती. ते फेरेट आता केव्हाच मेले. आमचे सहा रानात पकडलेले होते आणि संस्थेकडे त्यांचा परवाना होता.

ते ठेवले होते त्यांच्या वासासाठी. फेरेटचा एक लहान भाऊबंद इथल्या डोंगरांत आहे, त्याला स्टोट म्हणतात. पक्ष्यांची पिल्लं मारण्यात तो फेरेटच्याही पुढे आहे आणि सापळ्यात सहज सापडत नाही. मात्र फेरेटचा वास आला की तो थांबतो, जवळ येतो. त्या वासाचं आमिष सापळ्यात ठेवण्याचा प्रयोग संस्थेत चालू होता. मला एवढंच सांगितलं गेलं होतं. वास कापडातून काढून कुठल्यातरी प्रयोगशाळेत बाटलीत भरत असतील, असं मी धरून चालले होते. विचारलं नव्हतं.

सव्वीस वर्षं मी पुण्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर होते. नवरा भूलतज्ज्ञ. त्याला पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळाली आणि आम्ही तिघं इथे आलो. मुलगी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षांत होती. ती शिकायला वेलिंग्टनला गेली, नोकरी लागल्यावर पोरिरुआत राहायला लागली. मी इथल्या दोन वर्तमानपत्रांना अर्ज केले. दोन्हीकडून सभ्य उत्तरं आली. नंतर वाचनालयाच्या फलकावर एक चिठ्ठी दिसली: सकाळचं अर्धवेळ काम, प्राण्यांची निगा, वासाचा त्रास होत असेल तर अर्ज करू नये. भाषेबद्दल त्यात काही नव्हतं. मी फोन केला.

प्राणिगृहाचे प्रमुख साठी ओलांडलेले, उंच, पाठीत किंचित वाकलेले गृहस्थ होते. एकटे राहायचे, सायकलवरून यायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला अंथरुणाचे नियम सांगितले. तेवढं सलग ते नंतर कधी बोलले नाहीत. मी सवयीने वहीत लिहून घेतलं. देवदार आणि पाइनचा भुसा वापरायचा नाही, त्याने श्वासाचा त्रास होतो. गवत धुळीचं असतं, शिंका येतात. फोमचा तुकडा कधीही द्यायचा नाही, फेरेट तो खातो, आतड्यात अडकतो आणि दोन दिवसांत खेळ संपतो. बटणं, चेन, इलॅस्टिक काढून टाकायचं. नवीन टॉवेलच्या गाठींत नखं अडकतात, म्हणून टॉवेल वापरून गुळगुळीत झालेलाच हवा. सुटा धागा दिसला की कापायचा, तो बोटाभोवती आवळला तर बोट जातं. आणि कापड एवढं मोठं हवं की त्याला त्यात पूर्ण शिरता आलं पाहिजे. फेरेट कापडावर झोपत नाही, कापडात झोपतो.

हे सगळं त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. कायदा झाला तेव्हा त्यांच्या घरी दोन फेरेट होते.

सहांपैकी चौथ्या क्रमांकाची मादी सगळ्यांत वयस्क. प्रमुख तिला ‘ओल्ड गर्ल’ म्हणायचे, मी म्हातारी म्हणायचे. पिंजऱ्याचं दार उघडलं की बाकीचे पाच खाण्याच्या वाटीकडे धावत. ती आधी माझा हात हुंगायची. दुसऱ्या महिन्यापासून ती माझ्या कोटाच्या बाहीत शिरायला लागली. कोपरापर्यंत जायची, तिथे वळायची आणि तोंड बाहेर काढून थांबायची. मी तिच्याशी मराठीत बोलायचे. एका मंगळवारी मी दिवसभरात किती वाक्यं मोठ्याने बोलले ते मोजलं. अकरा. त्यांतली सात तिच्याशी होती. नवऱ्याच्या त्या आठवड्यात रात्रपाळ्या होत्या. त्याची झोपमोड होऊ नये म्हणून आम्ही दोन खोल्यांत झोपायचो, त्याला तीन वर्षं झाली होती.

सप्टेंबरच्या शेवटी मी चूक केली.

घट बसायच्या आधी आमच्या घरी सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघतं. चादरी, अभ्रे, सतरंज्या, कपाटात वर्षभर न उघडलेल्या दुलयासुद्धा. घरात विटाळलेलं, वापरलेलं, घामट असं काही ठेवून घट बसवायचे नाहीत. आई करायची, सासूबाई करायच्या, मी डेस्कवर असताना सुट्टी टाकून करायचे. पामर्स्टन नॉर्थला तेव्हा वसंत असतो आणि वारा असा की ओली चादर दोरीवर तासाभरात खडखडीत होते. त्या गुरुवारी मी घरातलं सगळं धुतलं. शुक्रवारी कामावर गेले. प्रमुख त्या दिवशी नव्हते. मागच्या खोलीत झाकणाचं एक मोठं पिंप होतं. पिंजऱ्यांतून काढलेली कापडं दर शुक्रवारी त्यात टाकायची, असं मला सांगितलं होतं. झाकण उघडलं. सहा आठवड्यांची कापडं आत दाबून भरलेली होती. वास असा की डोळ्यांना पाणी आलं.

मी ती सगळी धुतली. गरम पाण्यात, दोनदा. संस्थेच्या साबणाला वास नव्हता आणि त्याने काही हटेना, म्हणून दुपारी घरी जाऊन आमचा लिंबाचा साबण घेऊन आले. हात लागलाच आहे तर म्हणून सहाही पिंजऱ्यांतलं चालू अंथरूणही काढलं, धुतलं, तिथे कपाटातले स्वच्छ टॉवेल घातले. इमारतीमागच्या दोरीवर सगळं वाळत घातलं. संध्याकाळी चौघडी करून पिंपात रचून ठेवलं. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वेळेत पूर्ण केल्यासारखं वाटलं, असं मी त्या दिवशी वहीत लिहिलं आहे.

सोमवारी प्रमुखांनी पिंपाचं झाकण उघडलं. मी शेजारीच होते. त्यांनी वरचा टॉवेल उचलला, नाकाशी नेला आणि होत्या त्याच घडीवर पुन्हा दुमडला.

“किती वेळा धुतलंस?”

“दोनदा.”

“आणि हा वास?”

“लिंबाचा. साबण घरून आणला होता.”

त्यांनी टॉवेल परत पिंपात ठेवला. मग म्हणाले, “छान धुतलंयस.” त्यात टोमणा होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

बाटली वगैरे काही नव्हती. पिंपातली कापडं हेच आमिष होतं. फेरेट ज्यात झोपला ते कापड न धुता महिना-दीड महिना पिंपात साठवायचं, मग वीतभर तुकडे करून गोठवायचं आणि सापळ्यांच्या पेट्यांत ठेवायचं, एवढाच तो प्रयोग होता. शहरापलीकडच्या डोंगरातला स्वयंसेवकांचा एक गट त्या कापडांची वाट बघत होता. अंड्यांतून पिल्लं बाहेर यायच्या आत त्यांना पेट्या लावायच्या होत्या. प्रमुखांनी त्यांना फोन केला. मी भिंतीपलीकडून ऐकत होते. आमच्याकडून चूक झाली, असं ते म्हणाले. माझ्याकडून, असं म्हणाले नाहीत.

फोन ठेवल्यावर त्यांनी मला कारण विचारलं. मी घटांबद्दल सांगितलं. इंग्रजीत ते फार विचित्र ऐकू आलं.

“वर्षातून एकदा, सगळंच?”

“सगळंच.”

“माझी आई पडदे धुवायची,” ते म्हणाले आणि कामाला लागले.

पिंप पुन्हा भरलं असतं. उशीर झाला असता, गट नाराज झाला असता, पण ते निभावलं असतं. म्हातारीचं तसं नव्हतं. बाकीच्या पाच जणांनी स्वच्छ टॉवेल दोन दिवसांत आपलेसे केले. तिने तिच्या पेटीतला टॉवेल दातांनी ओढून बाहेर टाकला आणि प्लॅस्टिकच्या उघड्या तळावर अंग मुडपून पडली. मी टॉवेल आत ठेवला, तिने पुन्हा बाहेर काढला. ती झोपत नव्हती, नुसती पडून असायची. वाटीतलं खाणं तसंच राहायला लागलं.

वजनं घ्यायचं काम माझंच होतं. आदल्या आठवड्यात ती सातशे चार ग्रॅम होती. धुण्यानंतरच्या गुरुवारी सहाशे एकसष्ट भरली. भिंतीवर एक छापील कागद होता. वयस्क मादी सहाशे ग्रॅमच्या खाली गेली तर तिला पशुवैद्याकरवी शांतपणे संपवायचं, असं त्यात लिहिलं होतं. पशुवैद्य महिन्यातून एकदा यायच्या. त्यांच्या पुढच्या भेटीला सहा दिवस होते. मी कागद वाचत असताना प्रमुख मागे येऊन उभे राहिले. “तू धुतलंस,” ते म्हणाले, “आता तूच शोध.”

पुढचे काही दिवस मी दुपारी शहरातली ऑप-शॉप पालथी घातली. ऑप-शॉप म्हणजे लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तूंची दुकानं. मी कापडाला हात लावून, उलटं करून, नाकाशी नेऊन बघायचे. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी एका दुकानातल्या आजीबाईंनी बाळासाठी बघतेयस का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर बरंच बोलावं लागलं असतं. त्यांनी फ्लॅनेलचं पिवळं बदकांचं पांघरूण शोधून दिलं आणि अभिनंदन केलं. मी बावन्न वर्षांची होते.

बदकांचं पांघरूण म्हातारीने दहा मिनिटांत बाहेर काढलं. मग पोलर फ्लीस, म्हणजे थंडीच्या जॅकेटांचं लवदार कृत्रिम कापड, घातलं. ते मऊ, सुरक्षित, गाठी नाहीत, धागा नाही. परदेशातले फेरेट पाळणारे लोक तेच वापरतात. तिने त्याकडे पाठ केली. जुन्या लोकरी ब्लँकेटचा तुकडा तिने चावायला घेतला आणि मला तो घाईने काढावा लागला. झिजलेली सुती चादर दिली. तिच्यावर ती एकदा चढली, गोल फिरली, उतरली. त्या गोल फिरण्याची मी वहीत नोंद केली आहे, खाली रेघ मारून. शेजारच्या पिंजऱ्यातल्या फेरेटचं चार दिवस वापरलेलं कापडही दिलं, निदान जातीचा वास असेल म्हणून. त्यावर तिने लघवी केली. प्रमुख म्हणाले, हे उत्तर स्पष्ट आहे.

वजन सहाशे बेचाळीस. मग सहाशे एकतीस.

घरी घट बसले होते. रोज सकाळी माळ घालून, दिव्यात तेल घालून मी कामावर जायचे. मुलीचा रविवारी फोन आला. ती मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. मी तिला कापडांबद्दल सांगितलं. ती म्हणाली, सगळे फ्लीसच वापरतात, गूगल कर. फ्लीस झालं, असं मी म्हटलं. मग ती हसून म्हणाली, “आई, मी हॉस्टेलला गेले तेव्हा तू मला एक ड्यूवे घेऊन दिलास. तोही सेलमधला.” ड्यूवे म्हणजे इथली जाड रजई. मीही हसले. तू त्यात झोपलीस ना, असं मी म्हटलं. ती म्हणाली, अजून झोपते. मग तिला कुठेतरी जायचं होतं.

पशुवैद्यांच्या भेटीला तीन दिवस उरले. मला सुट्टी असूनही मी रविवारचा फोन झाल्यावर प्राणिगृहात गेले. प्रमुख तिथे होते. त्यांचीही सुट्टीच होती. म्हातारी सहाशे अठरा भरली. तिला काट्यावरून उचलताना तिच्या पाठीचा कणा बोटांना लागला. तिने माझ्या बाहीत शिरायचा प्रयत्न केला. बाही तंग होती, मी दुसरा कोट घालून आले होते. ती तिथेच थांबली, मनगटाशी तोंड खुपसून.

प्रमुख हे बघत होते. त्यांनी विचारलं, “तू स्वतः काय पांघरून झोपतेस?”

प्रश्न खासगी होता, पण त्यांनी तो कापडाच्या जातीबद्दल विचारावा तसा विचारला. मी सांगितलं. जुनी सुती साडी. चार पदर करून कडेने धावदोरा घातलेली. आमच्याकडे असं करतात. ड्यूवे वरून असतोच, पण अंगाला लागून तीच लागते.

“धुतलीस कधी?”

“घटांच्या आधीच. मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी.”

त्यांनी बोटांवर मोजलं. “म्हणजे दहा दिवस झाले.”

मग त्यांनी त्यांच्या शेवटच्या फेरेटबद्दल सांगितलं. दोघांतला एक मेल्यावर दुसरा कशावरच झोपेना. त्यांनी मासेमारीला जाताना घालायची जर्सी त्याला दिली, न धुता. तो त्यात आणखी पाच महिने जगला. पुरताना जर्सीही बरोबर पुरली. “तिला कापड नकोय,” ते म्हणाले. “तिला कुणाचं तरी कापड हवंय. रोज सकाळी दार तूच उघडतेस.”

घरी येऊन मी पांघरूण स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं आणि धावदोरा उसवायला घेतला. दोरा ठेवून चालणार नव्हतं. काठही चालणार नव्हते, त्यांत जाड धागे होते. साडी फिक्या निळ्या, बारीक चौकड्यांची. डेस्कवर असताना मी ती खूप नेसले. पदराजवळ प्रूफच्या शाईचा एक डाग होता. तो इतक्या घटांच्या धुण्यात गेला नव्हता. उसवता उसवता मी एकदा ती नाकाशी नेली. मला कसलाच वास आला नाही. आपला आपल्याला येत नाही.

नवरा संध्याकाळच्या पाळीला निघायच्या तयारीत होता. चहा घ्यायला आला आणि टेबलाशी थांबला.

“अगं, हे पांघरूण का उसवतेयस?”

“कामावर लागतंय.”

“थंडी नाही वाजणार?”

“ड्यूवे आहे.”

त्याने कप विसळून ठेवला. जाताना म्हणाला की घटाजवळचा दिवा खिडकीच्या वाऱ्याने विझेल. मग स्वतःच खिडकी लावून गेला.

सोमवारी सकाळी आठला मी साडीचे काठ कापलेले चार पदर म्हातारीच्या पेटीत ठेवले. तिने ते दातांत धरले आणि ओढायला सुरुवात केली. अर्धं कापड पेटीबाहेर आलं. मी हात पुढे केला तेव्हा प्रमुखांनी मानेनेच नको म्हटलं. ती थांबली, कापडावरून चालत गेली, परत आली आणि उघड्या प्लॅस्टिकवर जाऊन पडली. प्रमुख मला म्हणाले, बाहेर जा. मी बाकीच्या पिंजऱ्यांच्या वाट्या धुतल्या. त्या आधीच धुतलेल्या होत्या.

अकरा वाजता आत गेले तर पेटी रिकामी दिसली. कापड पुन्हा पूर्ण आत ओढलेलं होतं. मधोमध एक उंचवटा होता आणि तो हळू वरखाली होत होता. मी तिथे किती वेळ उभी होते ते मोजलं नाही. प्रमुख दारात आले, बघितलं आणि म्हणाले, “स्वीट ॲज.” इथे ठीक झालं म्हणायला तसं म्हणतात. मग ते त्यांच्या खोलीत गेले.

दुपारी वाटी अर्धी रिकामी होती. मंगळवारी ती सहाशे एकवीस भरली, बुधवारी सकाळी सहाशे तेहतीस. पशुवैद्यांनी तिला हातात घेऊन दात बघितले, पोट दाबून बघितलं. वय झालंय, पण ही झोपतेय आणि खातेय, असं त्या म्हणाल्या. त्यांनी कागदावर सही केली. कापड कसलं आहे असंही विचारलं. जुनी सुती साडी, असं मी सांगितलं. त्यांनी ‘कॉटन’ एवढंच लिहिलं.

ऑक्टोबरच्या अखेरीस डोंगरातल्या गटाला कापडं द्यायची वेळ आली. पाच पिंजऱ्यांतल्या टॉवेलांचा वास कच्चा होता. सगळ्यांत पक्का वास म्हातारीच्या साडीला होता, तीन आठवड्यांतच. प्रमुखांनी कात्री माझ्या हातात दिली आणि अर्धी पुरे, असं म्हणाले. मी दोन पदर कापले. त्यांचे बावीस तुकडे झाले. एका तुकड्यात शाईचा डाग आला. उरलेले दोन पदर पेटीत परत ठेवले, तेव्हा तिने ते हुंगले आणि नेहमीसारखी आत शिरली. कापड निम्मं झाल्याचं तिला जाणवलं असेल तरी तिने तसं दाखवलं नाही.

गटाबरोबर मी एकदाच वर गेले. पवनचक्क्यांखालून वाट आहे. वारा एवढा होता की बोलणं शक्य नव्हतं आणि त्यामुळे कुणाला काही विचारावं लागलं नाही. लाकडी पेटीत एक अंडं आणि त्याच्यामागे माझ्या साडीचा तुकडा, असं ठेवत ते पुढे जात होते. नोव्हेंबरमध्ये नवव्या पेटीत एक स्टोट सापडला, पुढे आणखी दोन. गटप्रमुखांनी आभाराचा ईमेल पाठवला, तो प्राणिगृहातल्या फलकावर लावला गेला.

म्हातारी एप्रिलपर्यंत जगली. वजन पुन्हा सातशेवर गेलं नाही, पण सहाशेच्या खालीही आलं नाही. शेवटची नोंद सहाशे चाळीस आहे. मी सकाळी दार उघडलं, तेव्हा हात हुंगायला कुणी आलं नाही. कापडातला उंचवटा होता, पण हलत नव्हता. मी प्रमुखांना बोलावलं. त्यांनी तिला उचललं, माझ्याकडे एकदा दिलं आणि मग नियमाप्रमाणे ज्या पिशवीत ठेवायचं त्या पिशवीत ठेवलं. संस्थेच्या प्राण्याला पुरता येत नाही. तिच्याबरोबर काही ठेवताही येत नाही.

पेटीत साडीचे दोन पदर राहिले होते. प्रमुखांनी ते घडी करून पारदर्शक पिशवीत घातले, हवा काढली आणि झिप दाबून बंद केली. त्यावर ते नेहमीप्रमाणे क्रमांक आणि तारीख लिहितील असं मला वाटलं. त्यांनी काही लिहिलं नाही. “गोठवून ठेवलंस तर वास वर्षभर टिकतो,” ते म्हणाले आणि पिशवी माझ्यापुढे धरली. हे नियमात बसतं का, हे मी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात ते निवृत्त झाले.

यंदाही घट बसायच्या आधी मी घरातलं सगळं धुतलं. चादरी, अभ्रे, दुलया. वारा चांगला होता. फ्रीजरही रिकामा करून पुसून घेतला. मटार, ओल्या नारळाच्या चवाची पाकिटं आणि खालची ती पिशवी काढून ओट्यावर ठेवली होती. नवरा हॉस्पिटलमधून आला, पाणी प्यायला आत आला आणि पिशवीकडे बोट दाखवून त्याने विचारलं, “हे काय, धुवायचं राहिलं का?”

“नाही,” मी म्हटलं. “ते कामाचं आहे.”

तो आतल्या खोलीत झोपायला गेला. मी पिशवी परत तळाशी ठेवली आणि वर मटार रचले.